यॅप केंद्रकात की बाहेर? हिप्पो मार्ग मोजण्याची रीत

एकाच सेल लाइनवर दोन ठिकाणी यॅप हे प्रथिन रंगवलं, एकीकडे ते केंद्रकात दिसलं आणि दुसरीकडे पेशीद्रवात, की संशय आधी अँटिबॉडीवर जातो. बहुतेक वेळा अँटिबॉडी बिचारी निर्दोष असते. एकीकडे वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळगीत, दहा हजार पेशी टाकलेल्या असतात, दुसरीकडे तीन लाख. हिप्पो मार्गाचं कामच मुळी पेशींची दाटी मोजणं हे आहे, त्यामुळे दाटी न सांगता दिलेलं यॅपचं चित्र म्हणजे वेळ न लिहिलेली तापाची नोंद. ही रीत एमएससीच्या शेवटच्या वर्षातल्या किंवा पीएचडीला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. पेशी वाढवणं आणि साधा ब्लॉट करणं येतं, असं गृहीत धरलं आहे.

आधी ब्रेक कुठे आहे ते बघा

ऊती किती वाढावी आणि कुठे थांबावी, हे ठरवणाऱ्या संकेतमार्गांपैकी हिप्पो मार्ग एक, वाढीचा ब्रेकच म्हणा. त्याचे बहुतेक भाग फळमाशीत सापडले. १९९५ मध्ये वॉर्ट्स हे जनुक मिळालं आणि २००३ मध्ये हिप्पो. हिप्पो बिघडलेल्या माशीचं डोकं पाणघोड्याच्या कातडीसारखं जाड आणि सुरकुतलेलं होतं, म्हणून हे नाव. २००५ मध्ये मार्गाच्या टोकाचं जनुक सापडलं. ते नसलं की ऊती खुरटते, म्हणून त्याला यॉर्की म्हटलं, यॉर्कशायर टेरियर या चिमुकल्या कुत्र्यावरून. माशीवाल्यांची नावं अशीच असतात, पण लक्षात राहतात.

सस्तन प्राण्यांत हिप्पोच्या जागी एमएसटी-१ आणि २ आहेत, वॉर्ट्सच्या जागी लॅट्स-१ आणि २, यॉर्कीच्या जागी यॅप आणि त्याचा भाऊ टॅझ. एमएसटी लॅट्सला जागं करतं. जागं झालेलं लॅट्स यॅपवर पाच ठिकाणी फॉस्फेट लावतं. त्यातल्या दोन जागा कामाच्या. सेरिन १२७, म्हणजे यॅपच्या साखळीतलं १२७ व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल, त्यावर फॉस्फेट लागलं की १४-३-३ हे प्रथिन यॅपला पेशीद्रवात धरून ठेवतं. सेरिन ३८१ वर लागलं की यॅप मोडीत निघण्याच्या रांगेत जातं. फॉस्फेट नसलेलं यॅप केंद्रकात जाऊन टीड या प्रथिनाला चिकटतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. स्वतः यॅपला डीएनए धरता येत नाही, हे विसरू नका; औषधांच्या भागात त्याची गरज पडेल. लॅट्सच्या वरच्या अंगाला मर्लिन आहे. ते एनएफ-२ जनुकापासून बनतं आणि पेशीच्या कडेशी लॅट्सला कामाला लावतं.

या ब्रेकची ताकद २००७ मध्ये उंदरांच्या यकृतात दिसली. तिथे यॅप जास्त बनवायला लावल्यावर काही आठवड्यांत यकृत चौपट-पाचपट झालं. जनुक बंद केलं तर ते आकसून मूळ मापाकडे आलं, चालूच ठेवलं तर गाठी झाल्या. वाढ, थांबणं आणि आजार हे तिन्ही एकाच बटणावर, म्हणून बटण कुठे आहे ते नीट मोजायचं.

मोजमाप तीन थरांत करा: यॅप कुठे आहे, त्यावर फॉस्फेट किती आहे, आणि त्याची जनुकं चालू आहेत का. तिन्ही एकाच दिशेने बोलले तरच निष्कर्ष काढा. नुसत्या चित्रावर शोधनिबंध उभा राहतो, पण दुसऱ्याच्या हातात टिकत नाही.

पेशी पसरणं: अर्धा प्रयोग इथेच होतो

सुरुवातीला एमसीएफ-१०ए घ्या. या स्तनाच्या, कर्करोग नसलेल्या पेशी असून दाटी झाली की शहाण्यासारख्या थांबतात. मीडियम डीएमईएम/एफ-१२. त्यात घोड्याचं सीरम ५ टक्के, ईजीएफ हा वाढीचा घटक २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, हायड्रोकॉर्टिसोन ०.५ मायक्रोग्रॅम, कॉलरा टॉक्सिन १०० नॅनोग्रॅम आणि इन्सुलिन १० मायक्रोग्रॅम, सगळं प्रति मिलिलिटर. या पेशी ट्रिप्सिनला दाद देत नाहीत, सुटायला पंधरा मिनिटंही लागतात. घाई करून पिपेटने झोडपू नका. गठ्ठे राहिले तर विरळ वेलमध्येही दाट बेटं तयार होतात. तुलनेसाठी एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी लागतील. त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात. मित्राच्या फ्रीझरमधली, पासेज क्रमांक पुसलेली नळी घेऊ नका.

२४ वेलच्या प्लेटमध्ये १२ मिलिमीटरची कव्हरस्लिप ठेवा. वेलचं क्षेत्रफळ १.९ चौरस सेंटिमीटर. विरळसाठी १०,००० पेशी, दाटसाठी ३ लाख, दोन्ही ५०० मायक्रोलिटरमध्ये. म्हणजे २०,००० आणि ६ लाख प्रति मिलिलिटरची दोन द्रावणं करायची. मधली पायरी म्हणून ६०,००० पेशींचा तिसरा वेल ठेवा. दोनच टोकं असली की चढ आहे की अपघात, ते कळत नाही.

पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवू नका. चहा ढवळल्यावर पत्ती मध्ये जमते, तशा पेशी वेलच्या मध्यभागी गोळा होतात आणि तुमचा विरळ वेल मध्यात दाट, कडेला ओसाड होतो. प्लेट पुढे-मागे, मग डावी-उजवी, असं चार-पाच वेळा हलवा आणि पंधरा-वीस मिनिटं टेबलावरच राहू द्या. पेशी तळाशी बसल्या की मग इन्क्युबेटरमध्ये. थेट ठेवलेल्या प्लेटमध्ये कडा आधी गरम होतात आणि त्या प्रवाहाने पेशी सरकतात.

४८ तास वाढवा. मीडियम कधी बदलायचं, यात बहुतेकांचं घोडं पेंड खातं. दाट वेलमध्ये ४८ तासांत ग्लुकोज संपत येतं, मीडियम पिवळं पडतं. उपाशी पेशीत एएमपीके हे ऊर्जेची चणचण ओळखणारं विकर जागं होतं आणि तेही यॅपला केंद्रकाबाहेर काढतं. मग तुम्ही दाटी मोजताय की उपासमार, सांगता येत नाही. म्हणून मीडियम बदलायलाच हवं. पण फिक्स करण्याच्या तासभर आधी बदललंत तर उलटी फजिती होते. ताज्या सीरममधलं लायसोफॉस्फेटिडिक आम्ल तासाभरात यॅपवरचं फॉस्फेट उतरवतं, आणि दाट वेलमध्येसुद्धा यॅप केंद्रकात दिसतं. हा परिणाम काही तासांत ओसरतो. त्यामुळे सगळ्या वेलचं मीडियम आदल्या रात्री, फिक्स करण्याच्या १२ ते १६ तास आधी, एकाच वेळी बदला. विरळ वेललाही गरज नसली तरी बदला.

पावसाळ्यात बुरशी दिसते, तिची धास्ती सगळ्यांना असते. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. डॅपी हा डीएनएचा निळा रंग लावल्यावर केंद्रकाबाहेर, पेशीद्रवावर निळी बारीक पूड सांडल्यासारखे ठिपके दिसले तर तो प्रयोग टाकून द्या आणि पीसीआरने खात्री करा.

फिक्स करणं आणि रंगवणं

फिक्स करण्याआधी थंड पीबीएसने धुण्याची सवय इथे मोडा. कॅल्शियम नसलेल्या पीबीएसमध्ये पेशींमधले जोड सैल होतात, पेशी आखडतात, आणि आकार बदलला की यॅपही हलतं. त्याऐवजी वेलमधल्या ५०० मायक्रोलिटर मीडियमवर तेवढंच, ३७ अंशांवर आणलेलं ८ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड हळूच कडेने सोडा, म्हणजे शेवटी ४ टक्के होतं. फ्यूम हूडमध्ये, १५ मिनिटं. मग पीबीएसचे तीन धुवे, प्रत्येकी ५ मिनिटं.

०.२ टक्के ट्रायटनने १० मिनिटं पडद्याला भोकं पाडा. दाट थरात ही पायरी कमी पडली तर अँटिबॉडी केंद्रकापर्यंत पोचतच नाही, आणि तुम्ही आनंदाने 'यॅप पेशीद्रवात आहे' असं लिहून मोकळे होता. याची परीक्षा सोपी आहे. त्याच दाट वेलच्या जोडीच्या कव्हरस्लिपवर लॅमिनसारखं हमखास केंद्रकातलं प्रथिन रंगवा. लॅमिनचं कडं स्वच्छ दिसलं तर अँटिबॉडी आत जाते आहे.

ब्लॉकिंग ३ टक्के बीएसए आणि ५ टक्के शेळीचं सीरम, एक तास. पहिली अँटिबॉडी सहसा १:१०० ते १:४०० मध्ये बसते. नवी कुपी आली की तीन पातळ्या करून बघा, रात्रभर ४ अंशांवर. यॅपच्या काही अँटिबॉडी टॅझलाही धरतात. ते वाईट नाही, पण मग चित्राखाली 'यॅप/टॅझ' लिहा. ब्लॉटवर यॅप ६५ ते ७५ किलोडाल्टनच्या आसपास आणि टॅझ ५० च्या जवळ येतं, तिथे लगेच कळतं. दुसरी अँटिबॉडी १:५००, अंधारात एक तास. तिच्याबरोबरच ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाला रंगवणारं फॅलॉइडिन टाका. शेवटी डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ५ मिनिटं.

फॅलॉइडिन शोभेसाठी नाही. विरळ पेशींत ॲक्टिनचे जाड दोर आरपार ताणलेले दिसायला हवेत, दाट पेशींत ते कडेला पट्ट्यासारखे गोळा व्हायला हवेत. तुमच्या 'दाट' वेलमध्ये अजून आरपार दोर दिसत असतील तर दाटी पुरेशी झालेली नाही, आकडा काहीही असो.

एक चित्र जवळून बघा. विरळ वेलमध्येही एमसीएफ-१०ए एकेकट्या राहत नाहीत, वीस-तीस पेशींची बेटं करतात. बेटाच्या किनाऱ्यावरची पेशी अंड्याच्या फुलवलेल्या पोळीसारखी पसरलेली असते आणि तिचं केंद्रक यॅपने उजळलेलं असतं. चार पेशी आत गेलात की केंद्रकं लहान होतात, उजेड मावळतो, आणि बेटाच्या मध्यावर केंद्रक आणि पेशीद्रव जवळपास सारखेच दिसतात. एकाच कव्हरस्लिपवर, एकाच मीडियममध्ये पूर्ण प्रयोग झालेला असतो. म्हणून क्षेत्र निवडताना 'छान दिसतंय' तिथे थांबू नका. कव्हरस्लिपवर आधी ठरवलेल्या दहा जागा घ्या, आणि प्रत्येक पेशीच्या किती शेजारी चिकटलेले आहेत, तेही नोंदवा.

मोजणी

एक्सपोजर सगळ्या कव्हरस्लिपना एकच ठेवा. ते सर्वात उजळ, म्हणजे विरळ वेलच्या केंद्रकांवर ठरवा आणि एकही पिक्सेल भरून वाहू देऊ नका. इमेजजे या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅपीवरून केंद्रकाचा साचा करा, दोन पिक्सेल आत घ्या. मग केंद्रकाबाहेर दोन पिक्सेल सोडून सुमारे २ मायक्रोमीटर रुंदीचं कडं काढा. दोन्हीतून पार्श्वभूमी वजा करा आणि भागाकार करा. प्रत्येक स्थितीत निदान १५० पेशी.

साध्या फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शकावर एक मेख आहे. दाट पेशी आडव्या पसरत नाहीत, उभ्या वाढतात, आणि केंद्रकाच्या वर-खाली पेशीद्रवाचा थर येतो. त्या थराचा उजेड केंद्रकाच्या आकड्यात मिसळतो आणि गुणोत्तर फुकटचं १ कडे ओढलं जातं. कॉन्फोकल असेल तर केंद्रकाच्या मधला एकच काप घ्या. नसेल तर पेशींची तीन गटांत विभागणी करा: केंद्रकात जास्त, सारखं, केंद्रकात कमी. गट पाडणाऱ्याला नमुना कोणता ते माहीत नसावं. दशांशाची खोटी ऐट मिरवण्यापेक्षा हे बरं.

आणि १५० पेशी म्हणजे १५० प्रयोग नव्हेत. एका दिवशीची सरासरी हा एक आकडा. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पासेजवर किमान तीनदा करा आणि चाचणी त्या तीन आकड्यांवर लावा.

फॉस्फेटचा ब्लॉट

इथला सर्वात महागडा घोटाळा ट्रिप्सिनचा आहे. ब्लॉटसाठी पेशी ट्रिप्सिनने सोडवून, गोळा करून मग फोडायची सवय असेल तर यॅपसाठी ती चालणार नाही. पेशी तळापासून सुटली की लॅट्स जागं होतं आणि यॅपवर फॉस्फेट चढतं. कर्करोग नसलेली पेशी आधाराविना मरते, त्यामागे हेही एक कारण आहे. दहा मिनिटं ट्रिप्सिन, पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज, एवढ्यात विरळ आणि दाट दोन्ही नमुन्यांत सारखाच ठसठशीत बँड येतो आणि फरक गायब होतो.

पेशी जागेवरच मारा. २ टक्के एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८ आणि १० टक्के ग्लिसरॉल, असं बफर ९५ अंशांवर गरम ठेवा. मीडियम पूर्ण ओढून घ्या, लगेच गरम बफर ओता, रबरी पट्टीने खरवडा, नळीत घेऊन ५ मिनिटं उकळा. डीएनएमुळे द्रावण शेंबडासारखं चिकट होईल. २६ गेजच्या सुईतून दहा-बारा वेळा ओढा किंवा सोनिकेट करा. या बफरमध्ये मुद्दाम डीटीटी आणि निळा रंग नाही, म्हणून बीसीए पद्धतीने प्रथिन मोजता येतं. मोजून झालं की डीटीटी १०० मिलिमोलर होईल इतकं आणि ब्रोमोफिनॉल ब्लू टाका. उकळत्या एसडीएसमध्ये फॉस्फटेज जागीच मरतात, इनहिबिटर लागत नाहीत. एनपी-४० सारखं सौम्य बफर वापरणं भाग असेल तर बर्फावर काम करा आणि सोडियम फ्लोराइड व बीटा-ग्लिसरोफॉस्फेट टाका. नुसतं व्हॅनेडेट टाकून निर्धास्त होऊ नका. ते टायरोसिनवरचं फॉस्फेट राखतं, आपली जागा सेरिनची आहे.

विरळ पेशींतून प्रथिन पुरत नाही, ही हमखास तक्रार. उपाय असा: दाट नमुना ६ वेलच्या एका वेलमध्ये, विरळ नमुना १० सेंटिमीटरच्या डिशमध्ये. प्रति चौरस सेंटिमीटर पेशी आधीच्याच, विरळला ५,००० आणि दाटला दीड लाखाच्या आसपास. मीडियमची खोली सारखी ठेवा, वेलमध्ये २ मिलिलिटर तर डिशमध्ये १२. विरळ डिशवर बफर २०० मायक्रोलिटरच ओता, नाहीतर नमुना फार पातळ होतो.

८ ते १० टक्के जेलवर १५ ते २० मायक्रोग्रॅम चढवा. ब्लॉकिंग टीबीएसटीमधल्या ५ टक्के बीएसएने करा. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेट मिरवणारं प्रथिन आहे, काही अँटिबॉडींना ते भुलवतं. एकच नमुना दोन जेलवर चालवा, एकावर फॉस्फो-१२७, दुसऱ्यावर एकूण यॅप. एकच मेंब्रेन सोलून पुन्हा वापरली तर उरलेल्या अँटिबॉडीचा भास होतो, आणि पट्ट्या एकाच उंचीवर असल्यामुळे तो पकडताही येत नाही. मर्लिनही ७० किलोडाल्टनच्या आसपास येतं, त्यामुळे त्याला तिसरी मेंब्रेन द्या. लोडिंगसाठी, म्हणजे प्रत्येक रांगेत प्रथिन सारखं चढलं का ते बघायला, बीटा-ॲक्टिन टाळा. इथे ॲक्टिनचीच उलथापालथ चालू असते. व्हिन्क्युलिनही जोडांतलं प्रथिन, तेही नको. जीएपीडीएच चालेल.

आकडा नेहमी फॉस्फो भागिले एकूण असा द्या. दाट पेशींत एकूण यॅपही घटतं, सेरिन ३८१ ची मोडीची रांग आठवा. फॉस्फोचा बँड तेवढाच दिसतो आणि माणूस म्हणतो, 'काही फरक नाही.' फरक भागाकारात असतो. या ३८१ वरून आणखी एक गोंधळ होतो. यॅपच्या लांब रूपात तीच जागा ३९७ क्रमांकाची आहे. कुपीवर ३९७ आणि लेखात ३८१ असलं तरी जागा एकच.

किती टक्के यॅपवर फॉस्फेट आहे, हे साधा ब्लॉट सांगत नाही. त्यासाठी फॉस-टॅग जेल: ७.५ टक्के ॲक्रिलामाइड, फॉस-टॅग ५० मायक्रोमोलर, मँगनीज क्लोराइड १०० मायक्रोमोलर. फॉस्फेटवालं यॅप त्यात अडखळतं आणि वर राहतं. नमुन्यात ईडीटीए असेल तर ते मँगनीज ओढून घेतं आणि पट्ट्या वेड्यावाकड्या धावतात. उलट ट्रान्सफरच्या आधी मात्र जेल १० मिलिमोलर ईडीटीए असलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये दहा-दहा मिनिटं दोनदा भिजवायचंच, नाहीतर प्रथिन जेलमधून निघत नाही. रंगीत मार्करवरून या जेलवर वजन वाचू नका.

जनुकं

यॅप चालू करतं त्यातली सीटीजीएफ, सीवायआर-६१ आणि एएनकेआरडी-१, ही तीन जनुकं क्यूपीसीआरने मोजा. पहिली दोन फार हळवी आहेत. मीडियम बदलल्यावर सीवायआर-६१ तासाभरात उसळी घेतं, म्हणून आदल्या रात्रीचा नियम इथे दुप्पट लागू. तुलनेचं जनुक एचपीआरटी-१ घ्या. बीटा-ॲक्टिनचं जनुक सीरमला स्वतःच प्रतिसाद देतं.

रीत चालते आहे का, याची परीक्षा

स्वतःचा प्रश्न विचारण्याआधी ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत असे प्रयोग करा. रात्रभर सीरम काढून घ्या, फॉस्फो-यॅप वाढायला हवं. मग एक तास सीरम द्या, ते उतरायला हवं. एमसीएफ-१०ए वर हा प्रयोग करताना ईजीएफ आणि इन्सुलिनही काढा. ईजीएफ एकटंच यॅपला केंद्रकाकडे ढकलू शकतं. लॅट्रन्क्युलिन-ए ०.५ मायक्रोमोलर, एक ते दोन तास, विरळ पेशींना दिलं की ॲक्टिनचे दोर तुटतात आणि यॅप बाहेर यायला हवं. फोर्सकोलिन १० मायक्रोमोलर एक तास दिलं तर सायक्लिक एएमपीच्या वाटेने फॉस्फेट वाढायला हवं. आणि यॅपचं जनुक गप्प करणारा एसआयआरएनए २० नॅनोमोलर ४८ तास दिल्यावर चित्रातला आणि ब्लॉटवरचा उजेड दोन्ही मावळायला हवेत. मावळला नाही तर तुम्ही रंगवताय ते यॅप नाही.

आजारात ब्रेक कुठे तुटला ते शोधणं

आता एमडीए-एमबी-२३१ काढा आणि हाच तक्ता तिच्यावर चालवा. या पेशींत एनएफ-२ मध्ये अर्ध्यावर थांबवणारा बदल आहे, मर्लिन तयारच होत नाही. दाटी वाढवत न्या: एमसीएफ-१०ए मध्ये केंद्रकं मावळतात तिथे यांची बरीचशी उजळ राहतात, आणि फॉस्फोचं गुणोत्तरही तितकं चढत नाही. पण लगेच 'मर्लिन नाही म्हणून' असं लिहू नका. याच पेशींत केरॅस, बीरॅफ आणि पी-५३ ही कर्करोगाशी जोडलेली जनुकंही बिघडलेली आहेत. मर्लिन परत घालून बघा, रिकाम्या वेक्टरच्या जोडीने. मर्लिन आल्यावर दाट वेलमध्ये यॅप बाहेर आलं, फॉस्फेट चढलं आणि सीटीजीएफ उतरलं, तर दोष त्या पायरीवर होता. मर्लिन येऊनही काही हललं नाही तर खाली बघा. लॅट्स आहे का आणि त्यावर त्याचं स्वतःचं फॉस्फेट चढतंय का, हे त्याच नमुन्यात ब्लॉट करा.

माणसांत हीच तूट वेगवेगळ्या जागी दिसते. एनएफ-२ जन्मापासून सदोष असेल तर दोन्ही कानांच्या तोल-श्रवण नसांवर गाठी येतात. ॲस्बेस्टॉसशी जोडलेल्या मेसोथेलिओमात एनएफ-२ वारंवार गेलेलं असतं, काही वेळा लॅट्स-२ ही. डोळ्यातल्या मेलॅनोमात जीएनएक्यू किंवा जीएनए-११ हे संकेत पोचवणारं प्रथिन अडकून चालूच राहतं आणि ॲक्टिनच्या वाटेने यॅपला आत ढकलतं. तिथे मर्लिन शाबूत आहे, परत घालून उपयोग नाही. एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमा या दुर्मिळ गाठीत तर टॅझ कॅम्टा-१ नावाच्या प्रथिनाला जोडलं जातं आणि केंद्रकातच मुक्काम ठोकतं. निरोगी रक्तवाहिनीच्या पेशीत कॅम्टा-१ रंगत नाही, या गाठीत केंद्रक रंगतं. पॅथॉलॉजिस्ट त्यावरूनच तिला ओळखतात.

काचेवरून गाठीकडे उडी मारताना डिशचा कडकपणा मनात ठेवा. निरोगी स्तनाची ऊती एक किलोपास्कलच्याही खाली असते, गाठ काही किलोपास्कल, आणि प्लास्टिक त्यांच्या लाखो पट कडक. कडक जमिनीवर पेशी ताणली जाते आणि ताणलेल्या पेशीत यॅप आत जातं. म्हणजे डिशवरची प्रत्येक विरळ पेशी थोडी आजारीच वागत असते. शक्य असेल तर १ आणि ४० किलोपास्कलच्या पॉलिॲक्रिलामाइड जेलवर, कोलॅजन लावून, एकदा तरी तपासा.

औषधं वापरणार असाल तर थर बदला. व्हर्टेपोर्फिन २०१२ पासून यॅप-टीडची जोडी तोडणारं म्हणून वापरात आहे, पण ते मुळात डोळ्याच्या पडद्यावर उजेडाने चालवायचं औषध. ट्यूबलाइटखाली उघडं ठेवलंत तर ते पेशी जाळतं आणि प्रथिनं एकमेकांना चिकटवतं. ब्लॉटवर यॅप घटलेलं दिसतं, त्यात ही चिकटाचिकटी किती हे वेगळं काढता येत नाही. वापरायचंच तर नळ्या फॉइलमध्ये आणि काम जवळजवळ अंधारात. त्यापेक्षा टीडच्या खिशात बसणारी नवी रेणूकुटुंबं बरी. टीडला पामिटिक आम्ल जोडावं लागतं, ही औषधं ती जागाच अडवतात, आणि मेसोथेलिओमाच्या रुग्णांत त्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशींनाही यॅप लागतं, म्हणून रुग्णांच्या लघवीत प्रथिन उतरतंय का, यावर लक्ष ठेवतात.

या औषधांवर यॅपचं चित्र काढून निकाल लावू नका. घाव यॅपच्या पलीकडे, टीडवर बसतो. औषध पूर्ण लागू पडलं तरी यॅप केंद्रकात तसंच बसलेलं दिसू शकतं. २४ तासांनी सीटीजीएफ आणि सीवायआर-६१ मोजा, आणि पेशींची संख्या पाच-सहा दिवसांनी. दोन दिवसांत पेशी मरत नाहीत म्हणून औषध निकामी ठरवलेल्या प्लेट कचऱ्यात बऱ्याच जातात. सोबत एनएफ-२ शाबूत असलेली एखादी सेल लाइन ठेवा. तीही त्याच मात्रेला तितकीच खंगली, तर ते टीडचं काम नाही, विषबाधा आहे.